विशेष शाळेतले सण आणि स्नेहसंमेलन : या चुका टाळा

विशेष शाळेतल्या, म्हणजे दिव्यांग मुलांच्या शाळेतल्या, कार्यक्रमांचे वर्ष आषाढीच्या दिंडीने सुरू होते आणि राखी, दहीहंडी, गणपती, भोंडला, दिवाळी, 3 डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन, संक्रांत असे करत स्नेहसंमेलनापाशी येऊन थांबते. विशेष शिक्षिका म्हणून मी अनेक वर्षे या सगळ्यांच्या तयारीत आहे आणि खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्या हातून झालेल्या आहेत. त्यांतल्या एकीमागेही वाईट हेतू नव्हता. कार्यक्रम पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना कसा दिसेल याचा विचार आधी झाला आणि तो मुलाला कसा जाणवेल याचा नंतर, एवढेच प्रत्येक वेळी घडले. हा क्रम उलटा केला, की निम्म्या अडचणी उभ्याच राहत नाहीत.

पाहुण्यांसाठी मुलांना ताटकळत ठेवणे

ही चूक मी सर्वांत आधी सांगते, कारण ती सर्वाधिक वेळा होते आणि तिचे परिणाम सर्वांत जास्त मुलांना भोगावे लागतात. एका स्नेहसंमेलनाची वेळ सकाळी दहाची होती. मुले नऊ वाजल्यापासून जरीचे कपडे घालून बसलेली होती आणि प्रमुख पाहुणे आले सव्वाअकराला. आमच्याकडे स्वमग्न (ऑटिझम) असलेला एक मुलगा होता, जो बोलत नाही; गळ्यात अडकवलेल्या चित्रपट्टीवर बोट ठेवून तो आपले म्हणणे सांगतो. साडेदहा ही त्याची डबा खाण्याची वेळ. त्या सकाळी तो डब्याच्या चित्रावर बोट ठेवून ताईंचा हात ओढत होता आणि ताई त्याला ‘थोडं थांब, राजा’ म्हणत होत्या. पडदा उघडल्यावर त्याने डोक्यावरची कागदी टोपी फाडली आणि तो रंगमंचावर आडवा झाला. प्रेक्षकांना वाटले, तो गर्दीला घाबरला. तो घाबरलेला नव्हता. त्याला भूक लागली होती आणि हे त्याने आम्ही शिकवलेल्या पद्धतीने, पुन्हा पुन्हा, अगदी नीट सांगितले होते.

तेव्हापासून आम्ही कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू करतो आणि पाहुण्यांना आमंत्रण देतानाच तसे नम्रपणे सांगून ठेवतो. उशीर झाला तर ते मधे येऊन बसतात आणि यात आजवर कोणाचा अपमान झालेला नाही. कार्यक्रम सव्वा तासापेक्षा लांबवू नये. दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणे यांतच पाऊण तास जात असेल, तर कात्री तिथे लावावी, मुलांच्या गाण्याला नव्हे. वेशभूषा अगदी शेवटी चढवावी, आणि कोणत्या मुलाची फिटची गोळी किती वाजता आहे, कोणाला किती वेळाने शौचालयात न्यायचे आहे, याचा तक्ता निवेदकाच्या कागदांइतकाच महत्त्वाचा मानून विंगेत टांगावा.

आवाज आणि दिवे

ढोल-ताशाशिवाय मिरवणूक कसली, असे आपल्याला वाटते; पण शाळेच्या व्हरांड्यात, म्हणजे बंदिस्त जागेत, ताशा वाजू लागला की आवाजाने त्रासणाऱ्या मुलांना पळायला वाटच उरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांमध्ये शाळा आणि रुग्णालये यांच्याभोवतीच्या 100 मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा 50 डेसिबल इतकी आहे आणि ती साध्या बोलण्याच्या आवाजापेक्षाही थोडी कमीच आहे. ढोल हवाच असेल तर मोकळ्या मैदानावर, थोड्या अंतरावर आणि ‘आता वाजणार आहे’ असे आधी दाखवून वाजवावा. एक खोली शांत ठेवावी आणि तिथे ओळखीची मावशी बसवावी. त्या खोलीत जाणे ही शिक्षा आहे, असे मुलाला कधीही वाटू देऊ नये. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याला ती खोली दाखवून आणले, तर बरीच मुले पाच-दहा मिनिटांनी आपणहून परत येतात.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत याच्या उलट दोन गैरसमज आढळतात. ‘त्यांना ऐकू येत नाही, मग संगीत कशाला’ हा एक, आणि ‘आवाज कितीही मोठा केला तरी चालतो’ हा दुसरा. श्रवणयंत्र आवाज वाढवते, त्यामुळे मोठ्या स्पीकरजवळ बसवलेल्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त त्रास होऊ शकतो. ठेका मात्र त्याला हवा असतो. लाकडी पाटावर अनवाणी उभे राहिल्यावर, किंवा फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरल्यावर, ढोलाचे कंपन त्याला स्पष्ट कळते. प्रेक्षकांत खाली बसून हाताने मात्रा दाखवणारी एक बाई असली, की अख्खा गट एका पावलाने नाचतो. भाषणांसाठी खुणांच्या भाषेचा दुभाषी बोलावला असेल, तर सभागृहातले दिवे मालवताना त्याच्यावरचा दिवा चालू ठेवावा, नाहीतर त्याला बोलावण्याचा उपयोग होत नाही. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून तळवे हलवण्याची पद्धत पालकांना सुरुवातीलाच शिकवावी. मुलांना ती दिसते.

लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारी उघडझाप काही जणांच्या मेंदूत फिट सुरू करू शकते, आणि मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलांत फिट येण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते. मंडपवाल्याला ‘डिस्को लाइट नको’ असे तोंडी सांगून भागत नाही. ते दिवे सामानात येऊच नयेत, असे ऑर्डर देताना लिहून द्यावे.

रंगमंच, मंडप आणि दोऱ्या

चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण 1:12 असावे लागते. म्हणजे दोन फूट उंचीचा रंगमंच बांधला, तर त्याला चोवीस फूट लांबीचा उतार हवा. एवढी जागा बहुतेक शाळांकडे नसते. मग ऐनवेळी चार जण खुर्चीसकट मुलीला उचलतात, खुर्ची तिरकी होते आणि ती पालकांपुढे सामानासारखी वर चढवली जाते. त्यापेक्षा रंगमंच बांधूच नये. सतरंजी अंथरून जमिनीवरच कार्यक्रम करावा आणि प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी बसवावे. आमच्या शाळेत हा बदल खर्च टाळण्यासाठी झाला होता, पण मुलांना तो इतका मानवला, की आम्ही तो कायम केला.

दृष्टिहीन मुलांच्या शाळेत मंडपाच्या ताणाच्या दोऱ्या आणि बांबू हा मोठा धोका असतो. मुले आपल्या शाळेचे आवार पावलांनी ओळखतात, आणि रात्रीतून तिथे गुडघ्याच्या उंचीवर दोरी आली तर त्यांच्या ओळखीला अर्थ राहत नाही. मंडप उभा राहिला, की सजावटीआधी मुलांना सगळीकडे फिरवून, हात लावू देऊन तो दाखवावा. रांगोळी फुलांची, पानांची किंवा धान्याची काढली तर ती बोटांनाही कळते. मूर्तीला हात लावू नका, असे सांगण्याचा मोह टाळावा. सोंड कुठे वळली आहे आणि उंदीर कुठे बसला आहे, हे ज्याला स्पर्शानेच कळणार, त्याने बाप्पाला दुसरे कसे पाहायचे?

कोणाला काय करायला द्यायचे

नाच बसवताना मागे उभे राहून मुलाचे हात धरून हलवणे ही नेहमीची चूक आहे. त्या तीन मिनिटांत मुलगा नाचत नसतो, आपण नाचत असतो. ज्याला एकच हालचाल जमते, त्या हालचालीभोवती नाच रचावा. आमच्या एका विद्यार्थिनीला फक्त उजवा हात सावकाश वर नेता येत होता. भोंडल्याच्या गाण्यात प्रत्येक कडव्याच्या शेवटी तिने हात वर केला की सगळ्यांनी फेर बदलायचा, असे ठरवले. अख्खे रिंगण तिच्याकडे बघत थांबायचे. तिची आजी दरवर्षी पुढच्या रांगेत बसून ते पाहायची.

अठरा वर्षे ओलांडून शाळेच्या कार्यशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ससा किंवा फुलपाखरू बनवणे बंद करावे. त्यांना मिसरूड फुटलेली असते, ते उटणे भरून आणि पणत्या रंगवून आपल्या कामाचे मानधन घेतात. त्यांना सूत्रसंचालन, पाहुण्यांचे स्वागत, तिकीट-खिडकी किंवा विक्रीचे टेबल द्यावे. त्यांनी रंगवलेल्या पणत्या विक्रीआधी शिक्षकांनी रात्री बसून ‘नीट’ करणे, ही त्याच चुकीची दुसरी बाजू होय. रेघ बाहेर गेली असेल तर जाऊ द्यावी.

एक वैद्यकीय सूचना इथेच करते. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कोलांट्या, मनोरे आणि दहीहंडीचे थर त्यांना करायला लावू नयेत. हंडी हाताच्या उंचीवर बांधावी. दही तेवढेच मिळते.

खाऊच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर गिळायला त्रास होणाऱ्या मुलांना चिक्की, शेंगदाणे, चिवडा आणि कडक तिळगूळ देऊ नये, आणि बाहेरच्या कोणालाही परस्पर मुलाच्या तोंडात पेढा घालू देऊ नये. संक्रांतीला आम्ही तिळाचा मऊ लाडू दुधात कुस्करून चमच्याने, मुलाला ताठ बसवून भरवतो. रंगपंचमीला श्रवणयंत्रे आणि कॉक्लिअर इम्प्लांटचे (ऐकू यावे म्हणून शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या उपकरणाचे) बाहेरचे भाग आधी काढून, नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवावेत.

वाढदिवस, देणग्या आणि फोटो

आपला किंवा आपल्या मुलाचा वाढदिवस विशेष शाळेत साजरा करावा, ही इच्छा चांगली आहे आणि अशा लोकांच्या आधारावर अनेक शाळा उभ्या आहेत. पण आठवड्यात तीन केक आले, की अभ्यासाचे तास मोडतात आणि अनोळखी माणसांसाठी रांगेत उभे राहून हसणे हेच मुलांचे काम होऊन बसते. महिन्यातला एकच दिवस यासाठी ठेवावा, देणगीदारांनी मुलांबरोबर मांडी घालून जेवावे आणि वाटप करताना फोटो घेऊ नये. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलाचा फोटो व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नये, आणि बोलून किंवा खुणेने सांगू शकणाऱ्या मुलाला स्वतःलाही विचारावे. भाषणांत ‘बिचारी’, ‘देवाची लेकरं’, ‘मुके’ असे शब्द येतात, कारण वक्त्याला दुसरे शब्द कोणी सांगितलेले नसतात. आमंत्रणपत्रिकेबरोबर चार ओळींची चिठ्ठी दिली, तर बहुतेक जण मनापासून काळजी घेतात.

मधेच काही बिघडले तर

फिट आली, तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, आजूबाजूच्या खुर्च्या सरकवाव्यात आणि घड्याळ पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, आणि त्यासाठी गाडी फाटकाशी आधीच उभी असावी. मूल रडू-ओरडू लागले, तर निवेदकाने त्याच्याबद्दल काहीही न बोलता पुढचा कार्यक्रम सुरू करावा आणि एकाच ओळखीच्या माणसाने त्याच्याजवळ जावे. पाच जणांनी एकदम समजूत घातली, तर त्रास पाचपट वाढतो.

कार्यक्रम संपल्यानंतरची चूक कोणाच्या फारशी लक्षात येत नाही. एका वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी एक मुलगा रिकाम्या पाटासमोर बराच वेळ उभा राहिला आणि मग वर्गावर्गांतली कपाटे उघडून मूर्ती शोधू लागला. बाप्पा आला हे आम्ही त्याला चित्रांनी दाखवले होते, गेला हे दाखवायचे राहिले होते. आता आम्ही शाडूची मूर्ती शाळेतच, अंगणातल्या टबात, मुलांच्या देखत विसर्जित करतो. ती विरघळायला वेळ लागतो आणि मुले मधून मधून येऊन पाण्यात हात घालून बघतात. उरलेली माती कुंड्यांमध्ये भरली जाते, आणि गणपती कुठे आहे असे विचारले, की तो मुलगा हात धरून आपल्याला त्या कुंड्यांपाशी नेतो.