अल्बर्टात नवीन आलात आणि मोठी रायफल घ्यायचीय?

दुकानातला माणूस सांगणार नाही ते आधी सांगून टाकतो. कॅनडाच्या या अल्बर्टा प्रांतात सर्वसाधारण शिकाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या कुठल्याही जनावराला .३७५ ची गरज नाही (हे आकडे म्हणजे कॅलिबर, साधारण गोळीची जाडी इंचात). तरी आपली नवीन आलेली मुलं दर उन्हाळ्यात तेच विचारतात: मूससाठी (इथलं प्रचंड मोठं हरीण) .३३८ घेऊ की .३७५? त्यामागे अस्वलाची भीती असते आणि थोडी फोटोची हौस असते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली. म्हणून आपल्या पिढीला रायफल म्हणजे पोलिसाच्या खांद्यावरची थ्री-नॉट-थ्री, नाहीतर गावच्या पाटलाची बारा बोअर, एवढंच ठाऊक. मग इथे आल्यावर भिंतभर मांडलेल्या रायफली पाहून माणूस सगळ्यात जाड काडतुसाकडेच बोट दाखवतो.

अस्वलाचं एकदाच सांगतो. ग्रिझलीची शिकार अल्बर्टात २००६ पासून बंद आहे. काळ्या अस्वलाची चालते, आणि त्याला साधी थर्टी-ऑट-सिक्स (.३०-०६) पुरून उरते. जंगलात फिरताना संरक्षण हवं असेल तर कमरेला अस्वल-स्प्रे लावा. कॅनडाच्या उत्तरेत ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सच्या हातात कित्येक दशकं आपलीच ओळखीची ली-एनफिल्ड .३०३ होती. तिच्या जागी आता सी-१९ आलीय, फिनलंडच्या टिक्काच्या धर्तीवर बनवलेली, आणि ती .३०८ ची आहे. रेंजर्सचं .३०८ वर भागतं, तर एडमंटनच्या उपनगरातल्या तुमचं-आमचंही भागेल.

कागदपत्रं

बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या) शिकारी रायफली इथे बहुतांशी 'नॉन-रिस्ट्रिक्टेड', म्हणजे कमी निर्बंधांच्या वर्गात येतात. आधी सुरक्षिततेचा कोर्स, मग परीक्षा, मग आरसीएमपीकडे, म्हणजे केंद्रीय पोलिसांकडे, पीएएल या बंदूक बाळगण्याच्या परवान्याचा अर्ज. नागरिकत्वाची अट नाही. पहिल्याच परवान्याला किमान २८ दिवस थांबावं लागतं, प्रत्यक्षात जास्तच लागतात. त्यामुळे सप्टेंबरात शिकारीला जायचं असेल तर अर्ज हिवाळ्यातच टाका.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते दुसरीकडेच. अर्जावर दोन जणांची नावं द्यावी लागतात, आणि ते तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारे हवेत. येऊन दीड वर्ष झालेल्या माणसाने ते आणायचे कुठून? आणि ज्यांची नावं देणार त्यांना आधी नीट सांगून ठेवा. त्यांना फोन जाऊ शकतो, आणि "बंदूक? तो? छे हो, तो तर मटणसुद्धा खात नाही" असं कोणी भाबडेपणाने बोलून गेला तर तुमची फाइल आणखी रेंगाळते. दुसरं म्हणजे अर्जावर जोडीदाराची सही लागते. गेल्या दोन वर्षांत विभक्त झालेला जोडीदार असेल तर त्याचीही. सही नसेल तर त्या व्यक्तीला कार्यालय कळवतं. बायकोला नकळत रायफल घेण्याचा बेत असेल तर तो इथेच संपला. मला हा नियम फार आवडतो.

शिकारीसाठी वेगळं हंटर एज्युकेशन आणि विन कार्ड (शिकाऱ्याचा ओळख क्रमांक) लागतं. मूसचे टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याची परवानगी, बहुतेक भागांत सोडतीने मिळतात आणि पहिल्या वर्षी नंबर लागेलच असं नाही. म्हणजे रायफल निवडायला तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. घाई करू नका.

काडतूस

कायद्याच्या दृष्टीने अल्बर्टात मोठ्या जनावरासाठी .२३ पेक्षा मोठं कॅलिबर पाहिजे. त्यापुढचा निर्णय तुमचा.

मूसचा नर पाचशे किलोच्या घरात जातो. आकडा ऐकून धडकी भरते, पण मूस चिवट जनावर नाही. फुप्फुसातून नीट गोळी गेली की थोडं चालतो, थांबतो, पडतो. स्वीडनमध्ये लोक दर शरदात ६.५×५५ सारख्या बारीक काडतुसाने मूस मारतात. एल्क (सांबरासारखं मोठं हरीण) मात्र आकाराने मूसपेक्षा लहान असूनही जास्त जिद्दी. गोळी जराशी मागे बसली की तो डोंगर ओलांडून जातो आणि तुमची रात्र टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधण्यात जाते.

१९०६ सालची थर्टी-ऑट-सिक्स, १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) चांगली गोळी घालून, या दोघांनाही पुरते. तुमची पहिलीच रायफल असेल तर हीच घ्या आणि हे पान इथेच मिटा.

ज्यांना मोठंच हवं आहे त्यांच्यासाठी पुढे. .३०० विंचेस्टर मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस) १९६३ ची, लांब पल्ल्याला सरळ जाणारी. पूर्वेच्या मोकळ्या माळावर आणि डोंगरातल्या एल्कसाठी उत्तम. .३३८ विंचेस्टर मॅग्नम १९५८ ची. २०० ते २५० ग्रेनची जड गोळी, झाडीतल्या मूसला आणि मोठ्या एल्कला माझ्या मते मोठ्या बोअरमध्ये हीच सगळ्यात शहाणी निवड. मुख्य म्हणजे तिचं काडतूस थर्टी-ऑट-सिक्सच्याच लांबीच्या अॅक्शनमध्ये (बोल्ट आणि तो सरकतो तो सांगाडा) बसतं, त्यामुळे रायफल उगाच अवजड होत नाही. .३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ ची. तिचं काडतूस लांब, त्याला मॅग्नम लांबीची अॅक्शन लागते, रायफल जड आणि महाग होते. ३०० ग्रेन म्हणजे १९ ग्रॅमहून थोडी जास्तच वजनाची गोळी. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत रानरेडा किंवा हत्तीसाठी .३७५ हीच किमान मर्यादा आहे. तिकडे जायचा खरोखर बेत असेल तर जरूर घ्या. नुसता "कधीतरी जाऊ" असा बेत असेल तर पैसे म्युच्युअल फंडात टाका.

त्याच्याही वर जाऊ पाहणाऱ्यांसाठी एक ओळ: मे २०२० पासून नळीच्या तोंडाशी १०,००० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा देऊ शकणाऱ्या रायफली कॅनडात प्रतिबंधित आहेत. .३७५ सहा हजारांच्या आसपास राहते, म्हणून तिच्यावर बंदी नाही. पण जुन्या बाजारात राक्षसी बोअरचं काही स्वस्तात दिसलं तर आधी वर्ग तपासा.

धक्का

आठ पौंडांच्या रायफलीत थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का साधारण वीस फूट-पौंड धरा. .३३८ तिशीच्या वर जाते, .३७५ चाळिशीच्या आसपास. आकडे वाचून काही कळत नाही. पाचव्या-सहाव्या गोळीनंतर खांदा सांगतो.

नाशिककडचा एक ओळखीचा गृहस्थ, पाच फूट पाच इंच, बांधा सडपातळ. दुकानदाराने त्याला डोंगरासाठी म्हणून अगदी हलकी .३३८ दिली. वर स्वस्तातली दुर्बीण, तीही डोळ्याच्या फार जवळ बसवलेली. रेंजवर पहिल्याच गोळीला दुर्बिणीच्या कडेने भुवईवर चंद्रकोर काढली. टाके पडले. त्यानंतर त्याने सरावच टाळला. नोव्हेंबरात समोर शंभर-सव्वाशे यार्डांवर एल्क, अगदी सोपा नेम, आणि चाप ओढायच्या आधीच गड्याने अंग चोरलं. गोळी पोटात. अंधार पडला, बर्फ पडलं, जनावर सापडलं नाही. रायफल त्याने निम्म्या किमतीत विकली आणि पुन्हा जंगलात पाऊल टाकलं नाही.

हे मी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या बाबतीत पाहतो. गोऱ्या पोरांचंही होतं, फक्त ती बोलून दाखवत नाहीत. अंग चोरण्याची सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ लागतो आणि ती लागतेच मुळात मोठ्या रायफलीने सुरुवात केल्यामुळे. म्हणून पुन्हा सांगतो: पहिली रायफल हलकी आणि मोठ्या बोअरची, हे दोन्ही एकत्र कधीही घेऊ नका. .३३८ घ्यायची तर दुर्बिणीसकट नऊ पौंडांच्या आसपासची घ्या. ते वजन डोंगर चढताना त्रास देतं आणि गोळी झाडताना उपकार करतं.

सवय लागलीय का हे पाहायचं असेल तर मित्राला मॅगझिनमध्ये मधूनच एखादं डमी काडतूस भरायला सांगा, तुम्हाला न दाखवता. त्या काडतुसावर नळीचं टोक खाली झुकलं तर धक्का नव्हता, तुम्ही होता. अशा वेळी मोठी रायफल बाजूला ठेवा आणि .२२ ची बोल्ट-अॅक्शन घेऊन महिनाभर सराव करा. काडतुसं स्वस्त, आवाज कमी, हात सुधारतो. सराव बाकावर बसून नको. गुडघ्यावर, काठ्यांच्या आधाराने, उभ्याने करा, कारण जंगलात बाक नसतो.

नळीच्या टोकावरच्या मझल ब्रेकने धक्का खरंच कमी होतो. पण आवाज इतका वाढतो की कानाला संरक्षण न लावता एकच गोळी पुरेसं नुकसान करते, तुमचं आणि शेजारच्याचंही. मला तो आवडत नाही. दस्त्याच्या मागचा चांगला रबरी पॅड आणि थोडं वजन यावर माझा जास्त भरवसा.

अंगाला बसणारी

दुकानात रायफल टी-शर्टवर खांद्याला लावून पाहतात. शिकार उणे वीसला असते, अंगावर जाड जॅकेट असतं. कारखान्याचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत साडेतेरा-पावणेचौदा इंचांचा असतो आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो जॅकेटवर लांब पडतो. मग मान पुढे ताणावी लागते, आणि डोळा दुर्बिणीजवळ जातो. दस्ता कापून कमी करून घेता येतो. थोडे पैसे जातात, भुवई वाचते. .३३८ च्या वर दुर्बिणीला डोळ्यापासून साडेतीन इंच तरी अंतर ठेवा, चार असेल तर उत्तम. तीन ते नऊपट पुष्कळ झाली. आपले आयटीवाले चोवीसपट दुर्बीण घेतात आणि झाडीत वीस यार्डांवरचा मूस त्यांना सापडत नाही.

अॅक्शनच्या बाबतीत रेंजवरचे म्हातारे तासन्‌तास भांडतात. माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीच्या धर्तीवर काडतुसाची कड पहिल्यापासून पंजात धरणारी एक पद्धत, आणि बोल्टने नुसतं पुढे ढकलणारी दुसरी. एल्क-मूससाठी काही फरक पडत नाही. .३७५ घेत असाल आणि ती धोकादायक जनावरासाठीच असेल तर पंजावाली घ्या, उदाहरणार्थ विंचेस्टर मॉडेल ७०. बाकीच्यांना टिक्काचा बोल्ट एकदा ओढून पाहायला सांगतो. त्यानंतर बहुतेक वाद मिटतात. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच घ्यावी.

गोळी

रायफलीवर हजारो डॉलर घालून सगळ्यात स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांची संख्या आपल्यात लक्षणीय आहे. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर नावाच्या शिकाऱ्याची गोळी चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात वरच्या वरच फुटली, आत गेलीच नाही. त्यातून त्याने मधे पडदा असलेली गोळी बनवली, आणि ती पार्टिशन नावाने अजून विकली जाते. रायफल मॅग्नमच होती, कमी पडली ती गोळी. पार्टिशन घ्या, जोडलेल्या गाभ्याची बाँडेड घ्या, नाहीतर अखंड तांब्याची. आणि गाडी घेऊन निघायच्या आधी काडतुसं घरातूनच घेऊन निघा. हायवेवरच्या छोट्या गावातल्या दुकानात थर्टी-ऑट-सिक्स, .३०८ आणि .३०० मॅग मिळतील, .३७५ मिळेल या आशेवर राहू नका.

घरी आणि वाटेत

रायफल रिकामी ठेवायची, कुलूप लावून किंवा बोल्ट काढून, नाहीतर मजबूत कपाटात बंद. काडतुसं वेगळी, नाहीतर कुलपात. गाडीत भरलेली रायफल कधीच नाही. माणसं राहतात अशा घरापासून १८३ मीटरच्या आत गोळी झाडायची नाही. शेतकऱ्याच्या जमिनीवर जायचं तर आधी दारावर थाप मारून विचारा. बहुतेक वेळा चहासुद्धा मिळतो. पैसे देऊ करू नका. मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी जमिनीवर प्रवेश विकणं-घेणं इथे बेकायदेशीर आहे, आणि आपण "काहीतरी घ्याच" म्हणून मागे लागतो.

मूस किंवा एल्कचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हा आहे. घरात फ्रीझर नसेल, मांस खाणारं कोणी नसेल, तर टॅग घेऊ नका.

थंडीत बोल्टमधलं तेल घट्ट होतं आणि फायरिंग पिन मंदावते. नोव्हेंबरच्या आधी बोल्टमधलं तेल पूर्ण पुसून काढा. बाहेरून आल्यावर रायफल लगेच गरम घरात नेली तर तिला घाम फुटतो आणि आतून गंज धरतो. बंद खोक्यातच हळूहळू गरम होऊ द्या, मग पुसा.

वापरलेली रायफल घेण्यात काही कमीपणा नाही. इथले लोक मोठ्या बोअरच्या रायफली एकाच हंगामात कंटाळून विकतात, कारण वर सांगितलं तेच. विकणाऱ्याला तुमच्या परवान्याची तपासणी करून संदर्भ क्रमांक घ्यावा लागतो, तो घेतल्याशिवाय व्यवहार करणाऱ्याकडून घेऊ नका. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा, शेवटचा इंच नीट बघा, दस्त्याला अॅक्शनच्या लगेच मागे तडा आहे का ते बघा, मोठ्या बोअरमध्ये तिथेच फुटतो. मग काडतुसांचं अर्धवट खोकं सोबत द्या म्हणून सांगा, बहुतेक जण देऊन टाकतात.