पम्पकिन पॅचवरून भोपळा कसा आणावा

सप्टेंबर संपत आला की न्यू जर्सीतल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच चर्चा: यंदा कुठल्या पम्पकिन पॅचवर, म्हणजे भोपळे निवडून आणायच्या शेतावर, जायचं? कुठल्याही जा हो. फसगत होते ती भोपळा निवडताना, आणि तिथे सगळ्यांचा सल्ला एकच, "आवडेल तो उचला." असाच उचलून मी दोनदा हात पोळून घेतलेत.

आधी सोप्या गोष्टी उरकते. ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा गाठा, तोही शाळा सुटल्यावर मधल्या वारी. शनिवारी निम्मा वेळ पार्किंगच्या रांगेत जातो. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर गमबूट घाला. ट्रॅक्टरमागे गवताच्या गठ्ठ्यांवर बसून शेतात जा, मक्याच्या चक्रव्यूहात पोरांना पळू द्या, सायडर डोनट (सफरचंदाच्या रसातले) गरम असतानाच खा. भोपळा वजनावर देतात की नगावर, ते आत शिरतानाच विचारा.

आता भोपळा. शेतात पाऊल टाकण्याआधी ठरवा, कोरायला हवाय की खायला? एकाच भोपळ्यात दोन्ही भागवू म्हणाल तर पस्तावाल. पहिल्या वर्षी मी २२ पाऊंडांचा गरगरीत केशरी भोपळा आणला, घारग्यांसाठी. किसायला घेतला तर गर जेमतेम दोन बोटं जाड, बाकी सगळी पोकळी आणि दोरे. किसाला पाणी सुटलं, गूळ घातल्यावर आणखी सुटलं. कणीक घालतेय, घालतेय, गोळा काही होईना. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी परातीत डोकावून विचारलं, "अगं, भोपळाच आणलास ना? की दुधी?" तळून निघाल्या त्या नुसत्या फिकट गोड पुऱ्या.

त्यात भोपळ्याची काही चूक नव्हती. शेतभर पसरलेले हाउडनसारखे केशरी भोपळे हॅलोविनला (३१ ऑक्टोबर) कोरण्यासाठीच लावलेले असतात. त्यांची जात कुकुर्बिटा पेपो. आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळा कुकुर्बिटा मोस्काटा जातीचा. घारगे, भरीत, बोंडं, काहीही करायचं असेल तर मोस्काटाच शोधा. लाँग आयलंड चीज नावाचा भोपळा बदामी सालीचा, चपटा, चीजच्या चाकासारखा दिसतो. मस्केड द प्रोव्हान्सच्या फाका खोल असतात आणि पिकला की तो तपकिरी होतो. कापल्यावर थेट मंडईच आठवते. हे बहुधा शेतात नसतात, काउंटरजवळच्या टेबलावर मांडलेले असतात आणि केशरी नाहीत म्हणून पोरं नाक मुरडतात. मुरडू द्या. इथल्या पम्पकिन पाय या गोड पदार्थासाठी डब्यात मिळणारा गरसुद्धा बहुतेक इलिनॉयमधल्या बदामी डिकिन्सन भोपळ्याचाच असतो, म्हणजे मोस्काटाच. काहीच नाही मिळालं तर बटरनट घ्या, तोही त्याच घरातला. "शुगर पम्पकिन घ्या, गोड असतो" असं सांगणाऱ्यांनी त्याचे घारगे केलेले नसतात. भाजीपुरता ठीक आहे.

दुसरी फजिती देठाची. मुलाने भोपळा देठाला धरून उचलला, देठ हातात आला, भोपळा जमिनीवर. वरून काही लागलेलं दिसेना म्हणून घेतला. आठवडाभरात देठाच्या जागी पांढरी बुरशी आणि पोर्चवर चिकट पाणी. देठ म्हणजे भोपळ्याचं बूच. ते निघालं की कुजायला वाट मोकळी. तेव्हा तीन-चार इंच घट्ट देठ असलेलाच घ्या आणि दोन्ही हात खाली घालूनच उचला. उलटा करून बुडाला अंगठा दाबा. जरा जरी मऊ लागलं तर ठेवून द्या. सालीला नख दाबून बघा, सहज रुतलं तर कोवळा आहे. एका बाजूचा पिवळट डाग जमिनीवर टेकून पडतो, त्याला घाबरू नका. मात्र दंव गोठवणारी कडक थंडी पडून गेल्यावर शेतात राहिलेला भोपळा फुकट दिला तरी नको, त्यावर पाणी मुरल्यासारखे चट्टे उठतात आणि तो आतून बसतो.

घरी आणल्यावर पुसून कोरडा करा. गराजच्या सिमेंटवर थेट ठेवू नका, खाली पुठ्ठा घाला. ५०–५५ फॅरनहाइटच्या कोरड्या जागी अख्खा मोस्काटा नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग सहज ओलांडतो. कोरलेला मात्र चार-पाच दिवसांचाच पाहुणा, म्हणून २८ ऑक्टोबरच्या आधी सुरी लावू नका. पोर्चवर ठेवलात की खारी येणारच. कोरताना निघालेल्या बिया धुऊन, मीठ लावून ओव्हनमध्ये भाजा, आणि चार त्यांच्यासाठी कुंपणापाशी टाका. आमच्याकडे तरी त्यांनी त्या आधी संपवल्या आणि मगच भोपळ्याचं नाक खाल्लं.