ग्रुप चेकचा डीसी कसा ठरवायचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथा-खेळाच्या २०१४ च्या नियमांत ग्रुप चेक, म्हणजे अख्ख्या गटाने मिळून करायचा प्रयत्न, अगदी सोपा आहे: सगळ्यांनी रोल करायचा (वीस बाजूंचा फासा टाकायचा), किमान निम्म्यांना जमलं तर अख्खा गट पार. डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, फसतात ते डीसी, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, ठरवताना. १५ म्हणजे मध्यम, असं धरून आकडा सांगू नका. आधी हिशोब करा.

डीसीतून पात्राचा मॉडिफायर (फाशाच्या आकड्यात मिळवायचा त्याचा आकडा) वजा करा, येईल तो आकडा २१ मधून वजा करा, उरेल त्याला ५ ने गुणा. ही झाली यशाची टक्केवारी. डिसॲडव्हान्टेज (दोनदा रोल करून कमी आकडा घेणं) असेल तर ती शक्यता तिनेच गुणायची: ३० टक्क्यांचे ९ होतात.

समजा गटाला पहाऱ्याजवळून गुपचूप जायचंय. स्टेल्थ, म्हणजे लपून वावरण्याच्या कौशल्याचा मॉडिफायर, रोग या पात्राचा +७, रेंजरचा +५. फायटर आणि क्लेरिक दोघांचा +०, वर चेनमेल या साखळ्यांच्या चिलखतामुळे डिसॲडव्हान्टेज. डीसी १५ ला शक्यता ६५, ५५, ९ आणि ९ टक्के. चौघांनाही जमलंच पाहिजे म्हणाल तर हजारात तीनदा जमेल. ग्रुप चेक घेतलात तर ४४ टक्के, आणि डीसी १२ केलात तर ७०. पुढचा सगळा बेत या एका चेकवर उभा असेल तर १२ च ठेवा.

खरी मेख सम-विषम संख्येत आहे. प्रत्येकाची शक्यता ५० टक्के धरा. चौघांत दोघांना जमायला हवं: ६९ टक्के. पाचवा खेळाडू आला की तिघांना जमायला हवं, आणि शक्यता थेट ५० वर येते. तिघांच्या गटाचंही तेच, ५०. म्हणून गट विषम असेल तर डीसी २ ने उतरवा. पाच जणांचे पुन्हा ६८ टक्के होतात, तिघांचे ६५.

गुप्त दार शोधणं, जुनी लिपी ओळखणं अशा कामांना ग्रुप चेक लावू नका. तिथे एकाला जमलं तरी पुरतं. पण चौघांनाही रोल करू दिलात तर ३० टक्क्यांचं काम ७६ वर जातं. एकालाच करू द्या, दुसऱ्याच्या मदतीचा ॲडव्हान्टेज (दोनदा रोल करून मोठा आकडा घेणं) द्या: ५१ टक्के.

कुणी पास विदाउट ट्रेस हा मंत्र वापरला तर सगळ्यांना स्टेल्थवर +१० मिळतात. म्हणून डीसी वाढवू नका. खेळाडूने त्यासाठी स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र वापरायच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्च केलाय, त्याचं फळ त्याला मिळू द्या.

आणि फक्त एक यश कमी पडून चेक हुकला तर लगेच लढाई सुरू करू नका. पहारेकरी कंदील घेऊन बघायला येतोय असं सांगा आणि लपायला एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) द्या.