‘होगन्स हीरोज’ मुलांसोबत पाहायची असेल तर

‘होगन्स हीरोज’ ही दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेल्या सैनिकांच्या छावणीत घडणारी अमेरिकन विनोदी मालिका, आणि कर्नल होगन हा त्या कैद्यांचा म्होरक्या. पहिला भाग लावण्याआधी दहा मिनिटं टीव्ही बंदच ठेवा आणि ही छावणी नेमकी कसली, ते सांगा. मी एकदा हे केलं नव्हतं. पुण्यात जर्मन शिकवत होते तेव्हाची गोष्ट. सत्र संपत आलेलं, शनिवारची दुपार, मुलांना विरंगुळा म्हणून मालिका लावली. छावणीचा जाडजूड पहारेकरी सार्जंट शुल्ट्झ ‘मी काही पाहिलं नाही, मला काही ठाऊक नाही’ म्हणाला तसा वर्ग खदखदून हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र गप्प होती. तिनं विचारलं, ‘मॅडम, गॅस चेंबर होते ते इथंच ना?’ त्यानंतर कुणालाच हसू फुटलं नाही, आणि मलाही त्या क्षणी धड उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं आहे. नात्सींच्या छळछावण्या वेगळ्या आणि युद्धकैद्यांच्या छावण्या वेगळ्या. छळछावण्या एसएस या नात्सींच्या सशस्त्र संघटनेच्या हातात होत्या, तिथं माणसं मारली जात. पकडलेले ब्रिटिश-अमेरिकन सैनिक लष्कराच्या ताब्यात असत आणि युद्धकैद्यांना नीट वागवण्याबद्दलच्या १९२९ च्या जिनिव्हा कराराचं छत्र त्यांच्यावर होतं. रेड क्रॉसची पार्सलं येत, घरची पत्रं येत. रशियन कैद्यांना हे छत्र नाकारलं गेलं आणि ते लाखोंनी मेले. तेही सांगा, नाहीतर मुलांना वाटेल की सगळ्या कैद्यांचे दिवस असेच जायचे. मालिकेतल्या छावणीच्या नावातला ‘श्टालाग’ हा शब्द फोडून दाखवा. ‘श्टामलागर’चं ते लघुरूप, साध्या सैनिकांची छावणी. अधिकाऱ्यांसाठी असे ते ‘ओफ्लाग’. त्या हिशेबानं कर्नल होगनला श्टालागमध्ये ठेवलंच नसतं, ती मालिकेनं घेतलेली सूट. मालिकेतलं हामेलबुर्ग हे गाव मात्र खरं, बव्हेरियातलं, आणि तिथं १३-सी क्रमांकाचं खरं श्टालाग होतं.

एवढं झालं की टीव्ही लावा.

सुरुवात पहिल्या भागापासूनच करा. ‘द इन्फॉर्मर’ हा भाग कृष्णधवल आहे, १७ सप्टेंबर १९६५ ला अमेरिकेत सीबीएसवर दाखवलेला. पुढचे सगळे रंगीत. कृष्णधवल पाहून मुलं कुरकुरतात, पण सगळी मांडणी याच भागात कळते. हे कैदी पळून जात नाहीत. ते मुद्दाम तुरुंगात राहतात आणि तिथून शत्रूच्या पुलांना, गाड्यांना सुरुंग लावतात, पडलेल्या वैमानिकांना बाहेर काढतात. बराकीतला एक पलंग उचलला की खाली भुयार. कुंपणाबाहेर झाडाचं खोड, तेच भुयाराचं झाकण. कमांडंटच्या कचेरीतलं बोलणं होगनच्या खोलीत कॉफीच्या किटलीतून ऐकू येतं. या तीन जागा मुलांच्या डोक्यात पक्क्या बसल्या की पुढचे भाग समजावून सांगावे लागत नाहीत.

एकूण १६८ भाग, सहा पर्वं. सगळे पाहायची गरज नाही आणि सलग तर मुळीच पाहू नका. भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा, पण घडण तीच असते, त्यामुळे एका बैठकीत दोनच. आमच्याकडे रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोन, असा नेम होता. पहिल्यानंतर लगेच ‘होल्ड दॅट टायगर’ लावा. त्यात ही मंडळी जर्मनांचा अख्खा टायगर रणगाडा छावणीत आणतात. मग ‘वॉर टेक्स अ हॉलिडे’, ज्यात होगन गेस्टापोला, म्हणजे नात्सींच्या गुप्त पोलिसांना, युद्ध संपल्याचं पटवून देतो. माझ्या मते सगळ्यात नेटकी लिहिलेली गोष्ट हीच.

भुयाराचे दोन-तीन भाग झाले की मध्येच थांबून सागान इथल्या खऱ्या छावणीतून झालेल्या पलायनाची गोष्ट सांगा. २४ मार्च १९४४ च्या रात्री तिथल्या श्टालाग लुफ्ट ३ या वैमानिकांच्या छावणीतून ७६ वैमानिक भुयारातून निसटले. माती ढासळू नये म्हणून त्यांनी पलंगाच्या फळ्या वापरल्या होत्या आणि दुधाच्या पावडरीचे डबे जोडून हवेची नळी केली होती. तिघंच सुखरूप पोचले. उरलेले ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. माझ्या नातीनं तेव्हा विचारलं होतं, ‘आजी, आपले लोक होते का गं कैदेत?’ होते. आफ्रिकेत पकडलेले हिंदी सैनिक. फ्रान्समधल्या एपिनाल इथं मे १९४४ मध्ये छावणीवर बॉम्ब पडले, त्या गोंधळात ते बाहेर पडले आणि सुमारे ५०० जण चालत स्वित्झर्लंडला पोचले.

पाहताना कमांडंट क्लिंकवर नजर ठेवायला सांगा. नट वेर्नर क्लेम्पररनं ही भूमिका घेताना अट घातली होती की क्लिंक एकदाही जिंकता कामा नये. मुलं मग दर भागात तपासत बसतात, आणि तो हरतोच. अट का घातली, ते इतक्यात सांगू नका. होगनचा रेडिओ सांभाळणाऱ्या किंच या कैद्याकडेही लक्ष वेधा. १९६५ च्या अमेरिकन टीव्हीवर आयव्हन डिक्सनसारख्या कृष्णवर्णीय नटाला हुशार, जबाबदार माणसाची भूमिका मिळणं सोपं नव्हतं.

जर्मन शिकणाऱ्या मुलांना नंतर जर्मन भाषांतर ऐकवा. १९९० च्या दशकात पहिलं भाषांतर तिथं चाललं नाही. मग संवाद नव्यानं लिहिले, क्लिंकच्या तोंडी साक्सनी बोली घातली, शुल्ट्झच्या तोंडी बव्हेरियन, आणि जर्मन प्रेक्षक हसू लागले. बोली कानाला ओळखायला शिकवण्याचं इतकं चांगलं साधन मला दुसरं सापडलं नाही.

एक खबरदारी. मुलं इंटरनेटवर होगनचं काम करणाऱ्या बॉब क्रेनचं नाव शोधतील. १९७८ मध्ये त्याचा खून झाला आणि त्याबद्दलचं लिखाण मुलांच्या वाचनाचं नाही. तुम्हीच एका वाक्यात सांगून टाका.

आता शेवटची गोष्ट, आणि ती सांगायची वेळ चुकवू नका. लेबो हा कैद्यांतला बुटका फ्रेंच स्वयंपाकी मुलांना आवडू लागेपर्यंत थांबा. माझ्या नातीला तो दहाव्या भागापर्यंत इतका आवडला की कुत्र्यांना चुचकारतानाचा त्याचा आवाज ती काढू लागली. त्या रविवारी मी सांगितलं. लेबो झालेला रॉबर्ट क्लेरी पॅरिसचा ज्यू मुलगा, चौदा भावंडांत धाकटा. सोळाव्या वर्षी, १९४२ मध्ये, नात्सींनी त्याला छळछावणीत नेलं. बुखेनवाल्डच्या छळछावणीतून ११ एप्रिल १९४५ ला तो सुटला तेव्हा घरचे बारा जण मारले गेले होते. हातावर क्रमांक गोंदलेला होता. १९८० पर्यंत तो यावर उघडपणे बोलला नाही.

नात बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे त्याला रोज समोर तीच वर्दी दिसायची?’

मी सांगितलं, वर्दी तीच होती, माणसं बघ. क्लिंक झालेला क्लेम्परर हा संगीतसंचालक ओटो क्लेम्पररचा मुलगा, १९३३ मध्ये घरच्यांबरोबर जर्मनी सोडून निघालेला. शुल्ट्झ झालेला जॉन बॅनर ज्यू, हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नाटक करत होता म्हणून वाचला. क्लिंकचा वरिष्ठ जनरल बुर्कहाल्टर झालेला लेऑन आस्किन व्हिएन्नाचा ज्यू.

ती उठली, रिमोट घेतला आणि पहिला भाग पुन्हा लावला.