गरोदरपणातील गुंतागुंतीचे व्हिडिओ: विश्वास कशावर आणि किती ठेवावा

गरोदरपणात पायांवर सूज आली, डोके दुखू लागले किंवा सोनोग्राफीच्या अहवालात वार (गर्भाला पोषण पुरवणारा अवयव, प्लासेंटा) खाली असल्याचे लिहून आले, की डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेपर्यंतचा काळ बहुतेक घरांत मोबाइलवर व्हिडिओ पाहण्यात जातो. त्यात गैर काही नाही. गर्दीच्या ओपीडीत जे विचारायचे राहून गेले, ते एखादा चांगला व्हिडिओ निवांतपणे समजावून सांगू शकतो. मात्र तो चांगला आहे हे ओळखावे कसे, आणि ओळखल्यावरही त्याच्यावर कशासाठी विसंबावे व कशासाठी नाही, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. उदाहरणासाठी येथे प्रामुख्याने प्रीएक्लाम्पसिया हा गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवर परिणाम करणारा आजार घेतला आहे, कारण चुकीच्या माहितीने होणारे नुकसान त्यात सर्वांत स्पष्ट दिसते.

आधी कसोटी हाताशी ठेवा

आजाराची मूळ माहिती नसताना व्हिडिओ तपासायला बसले तर जो आत्मविश्वासाने बोलतो तोच खरा वाटतो. म्हणून काही गोष्टी आधीच पक्क्या करून घ्याव्यात. प्रीएक्लाम्पसिया साधारणपणे गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर उद्भवतो. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, काही तासांच्या अंतराने पुन्हा मोजल्यावरही तो तसाच आढळणे, आणि त्याच्या जोडीला लघवीत प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट, मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम दिसणे, अशी त्याची ओळख आहे. रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून अधिक झाला तर तो तातडीचा प्रसंग असतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, चेहरा व हात अचानक सुजणे ही धोक्याची लक्षणे होत. पण यांपैकी एकही लक्षण नसताना रक्तदाब वाढलेला असू शकतो, आणि म्हणूनच प्रत्येक तपासणीत तो मोजला जातो. आजाराचे मूळ वारेत असते आणि वार बाहेर पडल्यावरच तो उतरणीला लागतो. औषधांनी रक्तदाब आटोक्यात ठेवता येतो आणि आकडी टाळता येते, पण मूळ आजार औषधाने जात नाही.

एवढ्या माहितीवर पुष्कळ व्हिडिओ पहिल्या दोन मिनिटांतच पारखता येतात. लघवीत प्रथिने नसतील तर प्रीएक्लाम्पसिया नाहीच, असे ठामपणे सांगणारा व्हिडिओ जुन्या व्याख्येवर बेतलेला आहे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच ही अट सोडली आणि इतर अवयवांवरील परिणामही निदानासाठी ग्राह्य धरले. म्हणून व्हिडिओ कधी प्रसिद्ध झाला ते वर्ष पाहण्याची सवय लावून घ्यावी. तारीख शीर्षकाखालच्या वर्णनात मिळते.

कोणत्या शब्दांनी शोधता, त्यावर काय सापडते ते अवलंबून असते

ही बाब फारशी कोणी लक्षात घेत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आठव्या महिन्यातील एखाद्या स्त्रीला छातीच्या खाली, उजव्या बाजूला दुखते आणि मळमळते. घरात सगळे म्हणतात, पित्त झाले असेल. ती शोधते, ‘गरोदरपणात पित्तावर घरगुती उपाय’. समोर थंड दूध, कोकम सरबत, जिरे-धण्याचे पाणी सांगणारे व्हिडिओ येतात. त्यांतील कोणताही खोटा असेलच असे नाही; साध्या पित्तावर त्यांचा उपयोगही होत असेल. पण तेच दुखणे यकृतावर ताण आल्याचे लक्षण असू शकते, हे त्या यादीत कोठेही दिसणार नाही, कारण निदान तिने शोधतानाच करून टाकले होते.

यासाठी शोधताना आजाराचे नाव किंवा उपाय टाकू नये. लक्षण, महिना आणि ‘कधी दवाखान्यात जावे’ हे शब्द टाकावेत. ‘आठवा महिना, उजव्या बरगडीखाली दुखणे, धोक्याची लक्षणे’ असा शोध घेतला की समोर येणारी यादी बदलते. ‘घरगुती उपाय’ हे शब्द गुंतागुंतीच्या शोधात टाकूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोलणारी व्यक्ती कोण आहे

पांढरा कोट, गळ्यातील स्टेथोस्कोप किंवा नावाआधीचे ‘डॉक्टर’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. पीएच. डी. झालेली व्यक्ती, फिजिओथेरपिस्ट किंवा दातांचे डॉक्टरही ही उपाधी लावतात आणि त्यांच्या क्षेत्रात ते योग्यही असेल; पण वाढलेल्या रक्तदाबाविषयी ऐकायचे ते प्रसूतिशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांकडून, म्हणजे एम. डी., एम. एस., डी. एन. बी. किंवा डी. जी. ओ. झालेल्यांकडून. नाव मिळाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत ते शोधता येते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला देणाऱ्या प्रभावकांनी (इन्फ्लुएन्सरनी) आपली पात्रता उघड सांगायची असते आणि आपला सल्ला प्रत्यक्ष वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हेही स्पष्ट करायचे असते. पात्रता कोठेच सांगितलेली नसेल तर तो व्हिडिओ तेथेच बंद करावा.

काही व्हिडिओंखाली यूट्यूब स्वतःहून माहितीच्या स्रोताची एक पट्टी दाखवते. ती उपयोगी असली तरी ती वाहिनी कोणाची आहे एवढेच सांगते. त्या व्हिडिओतील प्रत्येक वाक्य कोणी तपासले आहे असा तिचा अर्थ नव्हे. पाहणाऱ्यांची संख्या आणि प्रतिक्रियांमधील आभार तर याबाबतीत पूर्णपणे बाजूला ठेवावेत. वर्णनात एखाद्या चूर्णाची किंवा पूरक आहाराची विक्रीची लिंक असेल, तर बोलणाऱ्याचा हेतू काय असावा याचा विचार करावा.

भीती घालणारा आणि धीर देणारा

लोक सहसा भीती घालणाऱ्या व्हिडिओंबद्दल तक्रार करतात. मला धीर देणाऱ्या व्हिडिओंची काळजी अधिक वाटते. घाबरलेली स्त्री निदान डॉक्टरांना फोन तरी करते. ‘हे सर्वांनाच होते, मीठ कमी करा, पाय उशीवर ठेवा’ असे ऐकलेली स्त्री पुढच्या तारखेपर्यंत थांबते. पायांना थोडी सूज येणे गरोदरपणात खरोखरच सामान्य आहे, आणि हे अर्धे सत्यच अशा सल्ल्याला बळ देते. पण सूज हे केवळ बाहेर दिसणारे चिन्ह आहे. ती जवाच्या पाण्याने किंवा लघवी वाढवणाऱ्या काढ्याने उतरली म्हणून रक्तदाब उतरला असे होत नाही. प्रीएक्लाम्पसिया टाळण्यासाठी मीठ तोडणे किंवा दिवसभर अंथरुणावर पडून राहणे, या दोन्ही गोष्टींची जागतिक आरोग्य संघटना शिफारस करीत नाही. ज्या भागांत आहारातून कॅल्शियम कमी मिळते तेथे गरोदर स्त्रियांना ते पूरक म्हणून द्यावे, असे मात्र ती सांगते.

म्हणून धीर देणाऱ्या प्रत्येक व्हिडिओला एकच प्रश्न विचारावा: कोणत्या क्षणी थांबू नये आणि दवाखाना गाठावा, हे याने आकड्यासह किंवा लक्षणासह सांगितले आहे का? सांगितले नसेल तर इतर माहिती कितीही बरोबर असली तरी तो व्हिडिओ अपुरा आहे.

औषधांविषयीचे व्हिडिओ पाहताना आणखी बारकाईने पाहावे लागते. अ‍ॅस्पिरिनचेच उदाहरण घ्या. एक व्हिडिओ म्हणतो की त्याने प्रीएक्लाम्पसिया टळतो, दुसरा म्हणतो की गरोदरपणात अ‍ॅस्पिरिन घातक असते. दोघांनीही अर्धेच सांगितलेले असते. पूर्वीच्या बाळंतपणात हा आजार झालेल्या, आधीपासून उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रियांना डॉक्टर कमी मात्रेतील अ‍ॅस्पिरिन देतात, तेही बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करून. कोणासाठी, केव्हापासून, किती मात्रेत आणि कोणाच्या देखरेखीखाली, या चारही गोष्टी व्हिडिओत नसतील तर तो ऐकून गोळी सुरूही करू नये आणि चालू असलेली बंदही करू नये. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनविषयी तर फार भीती पसरवली जाते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतील सुमारे १०,००० स्त्रियांचा समावेश होता आणि या औषधाने आकडीचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे आढळले. रुग्णालयात डॉक्टर हे इंजेक्शन सुचवीत असताना कोणी मोबाइल पुढे करून ते अडवू नये.

दुसऱ्या देशातील व्हिडिओ

लंडन, टोरांटो किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी स्त्रिया भारतातील व्हिडिओ पाहतात आणि येथील स्त्रिया तिकडचे. रक्तदाबाचे एकक सर्वत्र एकच असल्याने तेथे अडचण येत नाही. रक्तशर्करेच्या बाबतीत मात्र हमखास गोंधळ होतो. भारतात ती मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. तिकडच्या आकड्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. म्हणजे तेथील ७.८ हे येथील १४० झाले. शिवाय गरोदरपणातील मधुमेहाची चाचणी करण्याची पद्धत आणि निदानाची मर्यादा देशागणिक बदलते, त्यामुळे अहवालातील आकडा व्हिडिओतील तक्त्याशी जुळवून स्वतःच निष्कर्ष काढू नये. आपोआप तयार होणारी उपशीर्षके आणि यंत्राने केलेले मराठी डबिंग यांत औषधाचे नाव किंवा मात्रा चुकण्याचा संभव असतो. त्यावरून कोणताही आकडा टिपून घेऊ नये.

वार खाली असल्याचा अहवाल

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली की घरात धावपळ उडते. याविषयीच्या व्हिडिओत एक गोष्ट असायलाच हवी: गर्भाशय वाढत जाते तशी बहुसंख्य स्त्रियांची वार शेवटच्या तीन महिन्यांपर्यंत वर सरकते, म्हणून पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करतात. अमुक आसनाने किंवा पलंगाचे पायथे उंच करून वार वर जाते, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अंगावरून रक्त गेले, मग ते थोडे असो आणि दुखत नसो, तर लगेच रुग्णालय गाठावे.

व्हिडिओनंतर काय करावे

कितीही चांगला व्हिडिओ तुमचा रक्तदाब मोजू शकत नाही. शंका आली की तो मोजून घ्यावा. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो विनामूल्य मोजला जातो. घरी यंत्र असेल तर ते गरोदरपणासाठी प्रमाणित आहे का हे डॉक्टरांना विचारावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, उघड्या दंडावर योग्य मापाचा पट्टा बांधून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, न बोलता मोजावा. १४०/९० आले तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. १६०/११० आले, किंवा डोकेदुखी व अंधारी यांसह वाढलेला दिसला, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

व्हिडिओतील एखादी गोष्ट पटली असेल तर तेवढे एक वाक्य कागदावर लिहून तपासणीला न्यावे आणि ‘हे माझ्या बाबतीत लागू आहे का?’ असे विचारावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी होते. तेथेही हे विचारता येते. सातव्या महिन्यानंतर माहेरी जाणाऱ्यांनी आपली फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत घ्यावे, कारण हा आजार बहुधा याच काळात डोके वर काढतो आणि नव्या डॉक्टरांना आधीचा रक्तदाब ठाऊक नसतो.

बहुतेक व्हिडिओ बाळंतपणापाशी संपतात, आजार मात्र तेथे संपेलच असे नाही. बाळंतपणानंतर रक्तदाब साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सर्वाधिक असतो, आणि पहिल्या सहा आठवड्यांत प्रीएक्लाम्पसिया नव्यानेही होऊ शकतो. त्या दिवसांत सगळे लक्ष बाळाकडे असते आणि आईची डोकेदुखी जागरणाच्या नावावर जाते. म्हणून बाळंतिणीसाठी व्हिडिओ निवडताना त्यात हा काळ आला आहे का ते पाहावे, आणि घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात तिचा रक्तदाब मोजून कार्डावर लिहून घ्यावा.