विद्यापीठाचं जुनं विहंगम चित्र भिंतीवर लावताय? या चुका टाळा

रिचर्ड रमेल या अमेरिकन चित्रकाराने १९००नंतरच्या वर्षांत तिथल्या विद्यापीठांची आवारं पक्ष्याच्या नजरेतून रंगवली. हार्वर्डच्या १९०६च्या चित्राची जुनी छापील प्रत तिथे शिकून आलेल्यांना हमखास हवी असते. शतकभर टिकलेला हा कागद फ्रेम करताना एका दुपारीत बिघडतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे तयार फ्रेममध्ये बसावं म्हणून समास कापणं. ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या धातूच्या प्लेटवरून केलेल्या छपाईत, प्लेटचा दाब कागदावर चौकट उमटवतो, खाली कॉपीराइटची ओळ असते. कात्री चालली की अस्सलपणाच्या या दोन्ही खुणा कचऱ्यात. त्यावर मागून चारी कडांना सेलोटेप! पावसाळ्यात कागद ओल पिऊन फुगतो, कडा जखडलेल्या, म्हणून मधे लाटा उठतात. लाट काचेला टेकते, तिथे बुरशी धरते. टेपचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो. तो डाग पुरता निघतच नाही. फ्रेम चित्राच्या मापाची करा, चित्र फ्रेमच्या मापाचं नाही. फक्त वरच्या कडेला जपानी टिश्यूचे (पातळ पण चिवट कागदाचे) इंचभर रुंद दोन तुकडे गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावा आणि वजनाखाली पूर्ण वाळू द्या. पुढे किमान दोन मिलिमीटर जाडीचा अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच. काच आणि कागद यांत तेवढी हवा राहते. फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर चिकटवणं झटपट होतं, पण चित्र पुन्हा सुटं होत नाही.

रिप्रिंट काढताना घाई नडते ती फाइलमध्ये. ३६ × २४ इंचांसाठी किमान ७२०० × ४८०० पिक्सेल लागतात. १२०० पिक्सेल रुंदीची फाइल ताणली तर इंचाला जेमतेम ३३ पिक्सेल उरतात, खिडक्यांचे ठिपके होतात. ‘सुधारणारं’ अ‍ॅप नको. ते खिडक्या मनाने काढतं.

अस्सल म्हणून घेताना दहापट भिंगाखाली बघा: रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते ऑफसेट रिप्रिंट, म्हणजे नंतर यंत्रावर छापलेली प्रत. ते जरूर घ्या, पण अस्सलच्या भावाने नको.

ओल्या फडक्याने पुसू नका, हाताने भरलेले रंग ओघळतात.

हार्वर्डच्या चित्रात वायडनर ग्रंथालय नाही म्हणून ते चुकीचं ठरवू नका. ग्रंथालय १९१५चं, त्या जागी तेव्हा गोर हॉल ही जुनी इमारत उभी होती.

पाऊस झोडपणारी बाहेरची भिंत टाळा. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावा, मागून हवा खेळली पाहिजे.