कुंपणाची भिंत बांधायला घेण्यापूर्वी

मागील वर्षी परसातील कुंपणाची भिंत बांधून घेतली आणि तिसऱ्याच महिन्यात तिच्या माथ्यावरची एक वीट हाताने अलगद उचलली गेली. खालच्या थरात नख घातले, तर माल (सिमेंट, वाळू आणि पाण्याचे मिश्रण) वाळूसारखा गळू लागला. सिमेंट ताजे होते, सिमेंट-वाळूचे प्रमाणही एकास सहाच होते. फक्त विटा भिजवलेल्या नव्हत्या. आता उरलेली बाजू बांधायची असल्याने ही यादी लिहून ठेवतो आहे.

पाया, दोरी, ओळंबा आणि गवंडी यांची आठवण कोणालाही करून द्यावी लागत नाही. विटा उतरवून घेताना मात्र दोन विटा एकमेकींवर आपटून पाहाव्यात. आवाज खणखणीत यावा; बद्द आला तर वीट कमी भाजलेली आहे आणि ती प्रमाणाबाहेर पाणी पिणार. काचेसारखी झालेली काळपट खंगर वीटही नको, कारण ती पाणी शोषत नाही आणि मालही नीट धरत नाही. भारतीय मानक 1077 नुसार साध्या विटेने 24 तास पाण्यात बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषता कामा नये. घरात वजनकाटा असेल तर कडक उन्हात वाळवलेली वीट आधी आणि भिजल्यावर पुसून पुन्हा तोलावी. अंदाजापुरते तेवढे पुरते.

यानंतरची बाब मी विसरलो होतो, म्हणून ती सविस्तर लिहितो. बाहेरून घट्ट दिसणाऱ्या विटेच्या आत अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असते आणि केशाकर्षणामुळे ते मिळेल तेथून पाणी ओढून घेते. कोरडी वीट ओल्या मालावर ठेवली की ती मालातलेच पाणी पिऊन टाकते. सिमेंट वाळल्यामुळे नव्हे, तर पाण्याशी संयोग झाल्यामुळे घट्ट होते. ते पाणीच पळाले तर सांध्यात उरते ती सिमेंट चोळलेली वाळू. गवंड्याने मला विचारलेही होते, “विटा भिजल्यात ना?” आणि मी ऐटीत सांगितले होते, “सकाळीच पाइप मारलाय.” पुढे त्याच ढिगातली उरलेली एक वीट पाइपने न्हाऊ घालून फोडून पाहिली, तेव्हा कडेला बोटाच्या पेराएवढाही ओलावा नव्हता आणि मधला गाभा फिकट, कोरडा ठणठणीत होता. पाइप मारणे म्हणजे विटा भिजवणे नव्हे.

विटा पिंपात किंवा हौदात पूर्ण बुडवायच्या. आधी बुडबुड्यांची धारच लागते, मग ते तुरळक होतात. ते थांबेपर्यंत वीट बाहेर काढायची नाही. त्यासाठी पिंप आणि पाणी आदल्या दिवशीच तयार हवे. तीन किलोची वीट 15 ते 20 टक्के पाणी पीत असेल, तर हजार विटा साडेचारशे ते सहाशे लिटर पाणी नुसत्या पोटात घालतात. गवंडी आल्यावर नळाखाली बादली धरून हे जमत नाही. पाणी गोडे असावे, कारण खाऱ्या पाण्याने पुढे भिंतीवर पांढरा लोणा फुटतो.

बाहेर काढलेली वीट निथळू द्यावी. अंगावर पाणी चकाकत असताना लावली तर ती मालावर सरकते आणि थर वाकडा होतो. शंका आली तर विटेवर एक इंच व्यासाचे वर्तुळ काढून आत पाण्याचे वीस थेंब टाकावेत. ते दीड मिनिटाच्या आत जिरले तर वीट अजून तहानलेली आहे, परत पिंपात. (एएसी ब्लॉकना, म्हणजे सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांना, हे लागू नाही, ते बुडवायचे नसतात, पृष्ठभाग ओलसर केला की पुरे.)

बाकीचे थोडक्यात. सांधा एक सेंटिमीटर जाडीचा. एका दिवसात कमरेच्या फार वर जायचे नाही. दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस पाणी मारायचे आणि ऊन असेल तर गोणपाट टाकायचे. गिलाव्याआधी भिंत ओली करायची, कारण वर लिहिलेच आहे.

टँकर सोमवारी सांगितला आहे, गवंडी मंगळवारी. पिंपे शेजाऱ्यांकडून रविवारीच आणून ठेवायची आहेत.